घरी गुंडाळलेला बेस गिटारचा पिकअप: तार, चुंबक आणि मांडवातली घरघर

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. आमचा वाद्यवृंद खानापूर तालुक्यातला. गणपतीत गावोगावचे मांडव, शिवजयंतीला बेळगावात चित्ररथाची मिरवणूक आणि अधूनमधून घाट उतरून गोव्यात लग्नाचे कार्यक्रम. बेस गिटार माझ्याकडे असते. लाकूड चांगलं आहे, मान सरळ आहे, पण पिकअपच्या (तारांच्या कंपनातून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एका कॉइलची, म्हणजे बारीक तांब्याच्या तारेच्या गुंडाळीची, तार आतून तुटली आहे. चांगला तयार पिकअप बाहेरून मागवायचा तर तो या गिटारच्या किमतीच्या घरात जातो. म्हणून घरीच बांधायचं ठरवलंय, आणि जे करेन ते इथे टप्प्याटप्प्याने लिहीन. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या आणखी कुणाला करायचं असेल तर सगळं एका जागी सापडेल.

बांधायचा आहे तो प्रिसिजन पद्धतीचा, म्हणजे दोन तुकड्यांचा पिकअप. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस 1951 चा, तेव्हा त्यात साधी एकच कॉइल होती. 1957 मध्ये ती दोन तुकड्यांत आली: एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. हाच प्रकार निवडायचं कारण घरघर. आपल्या विजेची वारंवारता 50 हर्ट्झ. बेसची सुटी ई तार 41.2 हर्ट्झला वाजते आणि ए तार 55 ला. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 हर्ट्झचा आहे. म्हणजे विजेची घरघर थेट आपल्या स्वरांच्या मधोमध बसते. इक्वलायझरवर ती कापायला गेलं की स्वरही कापला जातो. लीड गिटारवाला खालचा भाग थोडा उतरवून वेळ मारून नेऊ शकतो, आपल्याला ती सोय नाही. घरघर पिकअपमध्येच मारावी लागते. दोन कॉइल एकमेकींच्या विरुद्ध जोडल्या की दोघींत शिरलेली घरघर आपसात वजा होते, आणि त्यासाठीच हे दोन तुकडे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. परदेशी माहितीत सगळीकडे 42 नंबरची तार लिहिलेली असते, ती इथे कुठे मिळेल? आणि अल्निको चुंबकाला पर्याय काय?

रिवाइंडिंग_निपाणी
दादा, तार घ्यायच्या आधी थांबा. दुकानात जाऊन 42 नंबर मागितलात तर दुकानदार 42 नंबरच देईल, पण तुमचा 42 वेगळा आणि आमचा वेगळा. ती परदेशी माहिती अमेरिकन गेजमध्ये असतंय. आमच्याकडं पंपाच्या मोटरी, मिक्सर, पंखे सगळं ब्रिटिश गेजवर, म्हणजे एसडब्ल्यूजीवर चालतंय.

आकडे लिहून ठेवा. अमेरिकन 42 ची जाडी 0.063 मिलिमीटर. ब्रिटिश 42 ची 0.102. ब्रिटिश 45 ची 0.071 आणि ब्रिटिश 46 ची 0.061. तेव्हा तुम्हाला पाहिजे ती आमची 46. ही सगळी नुसत्या तांब्याची जाडी झाली, वरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा थर, धरला की मायक्रोमीटरवर थोडी जास्त दिसते. हिशोब करताना तेवढं लक्षात ठेवायचं.

आमच्या 42 नं काय होतंय तेही सांगतो. एक मीटरला तिचा रेझिस्टन्स जेमतेम 2.1 ओहम, आणि 46 चा 5.9. त्यापेक्षा मोठी अडचण जागेची. इनॅमलसकट 42 ला जवळपास पावणेतीन पट जागा लागते. एका कॉइलचे 10,000 वेढे त्या बॉबिनमध्ये (तार गुंडाळायच्या साच्यात) मावतच नाहीत. निम्म्याच्या आत बॉबिन भरून वाहतंय. वेढे कमी म्हणजे आवाज कमी.

46 नंबर गल्लीतल्या दुकानात बहुतेक नसतंय, कारण मोटरीला एवढी बारीक तार लागत नाही. छोटे रिले आणि बारीक ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्यांकडे विचारा. रीळ घेताना पॉलियुरेथेन इनॅमलची आहे का तेवढं बघा. ती सोल्डरच्या उष्णतेनंच सोलली जाते. दुसऱ्या प्रकारची असली तर टोक पॉलिश पेपरनं घासावं लागतंय, आणि एवढी बारीक तार घासताना हमखास तुटते.

मलप्रभाकाठ
काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. लगेच हिशोब मांडून बघितला. एक वेढा सरासरी 10 सेंटीमीटर धरला तर 10,000 वेढ्यांना 1 किलोमीटर तार. 46 नंबरची 1 किलोमीटर तार म्हणजे तांबं फक्त 26 ग्रॅम. दोन कॉइलना मिळून 52 ग्रॅम आणि वर इनॅमलचं वजन. रेझिस्टन्स एका कॉइलला 5.9 किलोओहमच्या आसपास, दोन्ही मालिकेत जोडल्या की पावणेबारा. फेंडरच्या तयार पिकअपचा 10 ते 11 च्या दरम्यान असतो, तेव्हा आपण योग्य जागी आहोत. तार किंचित बारीक असल्यामुळे आकडा थोडा वर जाणारच.

कांडी_वडगाव
मी गिटार वाजवत नाही, धाकटा भाऊ वाजवतो. पण गुंडाळायचं म्हणाल तर आमच्या वडगाव-शहापुरात घराघरात माग होते, अजूनही बरेच आहेत. कांड्या भरायचा जुना रहाट माळ्यावर पडला होता. भावाने त्याच्या चात्यावर बॉबिन बसवली आणि गुंडाळायला मला बसवलं.

रहाटाचा मोठा फायदा असा की तार हातात असते आणि वेग आपल्या ताब्यात. तार तर्जनी आणि अंगठ्यात मऊ फेल्टचा तुकडा घेऊन त्यातून सोडायची. ओढ किती ठेवायची हे रेशमावर काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी: ही तार 60-70 ग्रॅम वजनाला तुटते, तेव्हा ओढ 20-25 ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही. त्याहून जास्त ओढली की तुटण्याआधी ती ताणली जाऊन आणखी बारीक होते. बाहेरून काही कळत नाही, फक्त मीटरवर रेझिस्टन्स वाढलेला दिसतो. आणि ओढ कमी पडली की वेढे सैल बसतात, मग पिकअप माइकसारखा वागायला लागतो. बोटाने कव्हरवर टकटक केलं तरी स्पीकरमधून ऐकू येतं.

रीळ फिरवायचं नाही. ते जमिनीवर उभं ठेवायचं आणि तार त्याच्या डोक्यावरून सुटू द्यायची. रीळ स्वतः फिरायला लागलं की सुरू होताना आणि थांबताना झटका बसतो, आणि तार तिथेच तुटते. बॉबिनच्या कडा आणि तारेला लागेल तो प्रत्येक कोपरा बारीक पॉलिश पेपरने गोल करून घ्या. आमच्याकडे कांडीलासुद्धा कुसळ चालत नाही, आणि हे तर त्याहून कितीतरी नाजूक काम.

मलप्रभाकाठ
ताई, रिळाची गोष्ट कुठेच वाचली नव्हती. तुमच्याकडे वेढे मोजले कसे? मी शिलाई मशीनची मोटर आणि पॅडल वापरणार आहे. 600 फेऱ्यांच्या वेगाने 10,000 वेढे म्हणजे सतरा मिनिटं, मनात मोजणं शक्य नाही.

कांडी_वडगाव
भावाने चाकाला छोटं चुंबक चिकटवलं आणि समोर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) लावला. त्याच्या दोन वायरी जुन्या कॅल्क्युलेटरच्या बरोबर चिन्हाच्या बटणाला जोडल्या. एक अधिक एक दाबून ठेवलं की प्रत्येक फेरीला आकडा एकाने वाढतो. रहाटावर ठीक चालतं. मोटरवर वेग वाढला की कॅल्क्युलेटर काही फेऱ्या गाळतो असं भाऊ म्हणतो, तेव्हा पॅडल हलकं ठेवा.

रिवाइंडिंग_निपाणी
त्यापेक्षा रिवाइंडिंगच्या मशीनवरचा आकड्यांचा मेकॅनिकल काउंटर बघा. जुना मिळून जातोय. वेग कितीही असो, फेरी चुकत नाही.

उद्यमबाग_लेथ
चुंबकाचं मी सांगतो. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड. ओतीव असतं, अतिशय कडक आणि ठिसूळ. लेथवर टर्निंग होत नाही, ड्रिल तर नाहीच, फक्त ग्राइंडिंग. म्हणून लागेल त्या मापाचेच दांडे घ्यायचे. प्रिसिजनला पाव इंच व्यासाचे, एका तारेखाली दोन, असे आठ. तार दोन दांड्यांच्या मधून जाते, डोक्यावरून नाही. मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र जास्त पसरट असतं, म्हणून ठोका टोचत नाही, भरीव येतो.

अल्निको मिळालं नाही तर एमएसचे (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाचे) दांडे कापून घ्या आणि खाली फेराइटची पट्टी चिकटवा. आमच्या उद्यमबागेत असे दांडे कुठल्याही शॉपमध्ये भंगाराच्या पेटीतून मिळतील. फक्त स्टेनलेस घेऊ नका. 304 ग्रेड चुंबकाला जवळजवळ धरतच नाही, बाजारातले चकचकीत स्क्रू बहुतेक त्याचेच असतात. खिशात एक चुंबक ठेवा आणि लावून बघा. एमएसच्या दांड्यांनी आवाज थोडा जाड होतो आणि वरची धार कमी होते. बेसला ते अनेकांना आवडतं, मलाही आवडतं.

तुटलेल्या स्पीकरची रिंग फोडून वापरायचा मोह सगळ्यांना होतो. फेराइट काचेसारखं फुटतं. कापायचं तर पाणी सोडत डायमंड ब्लेडने. मी म्हणेन पट्टी विकत घ्या, स्वस्त असते.

निओडिमियम मात्र तारांखाली नको. फार जोरदार असतं. तार खाली ओढून धरतं, तिचं कंपन लवकर मरतं आणि वरच्या फ्रेटवर स्वर डगमगतो. त्याचा उपयोग एकच: अल्निकोचा दांडा क्षीण झाला असेल तर निओडिमियमच्या दोन ठोकळ्यांमध्ये धरून तो पुन्हा भारता येतो.

बेंजोप्रेमी
मध्येच विचारतो, माफ करा. आमची बेंजो पार्टी आहे. बेंजोला हाच पिकअप चालेल का? तारा पोलादाच्या आहेत.

उद्यमबाग_लेथ
चालेल. पिकअपचं तत्त्व एकच. चुंबक तारेला भारतं, तार हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. तार लोखंडी किंवा पोलादी असली की झालं. पितळी किंवा ब्राँझच्या तारांना नाही चालत. बेंजोच्या तारा जवळजवळ असतात, तेव्हा सुटे दांडे न लावता एमएसची एक सलग पट्टी उभी लावा.

उलटा_फेज
मलप्रभाकाठ, जोडणीवर येण्याआधी एक मुद्दा. सगळीकडे लिहिलेलं असतं की एका कॉइलची गुंडाळी उलटी आणि चुंबकंही उलटी. पण प्रिसिजनमध्ये प्रत्येक तार एकाच कॉइलवरून जाते. घरघर दोन्ही कॉइलमध्ये सारखी शिरते, चुंबकाशी तिचा संबंध नाही. म्हणून आठही चुंबकं एकाच दिशेला ठेवली आणि फक्त कॉइल विरुद्ध जोडल्या तरी घरघर जाईल. तारेचा आवाज वजा होणार नाही, कारण तो दोन कॉइलमध्ये विभागलेलाच नाही.

उद्यमबाग_लेथ
असं असेल तर फेंडरने चुंबकं उलटी का लावली?

उलटा_फेज
हंबकरमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी दोन कॉइल असलेल्या पिकअपमध्ये, ते अनिवार्य आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या हंबकरमध्ये एकच तार दोन्ही कॉइलवरून जाते. तिथे चुंबकं उलटी केली नाहीत तर घरघरीबरोबर आवाजही जाईल. प्रिसिजनमध्ये उलट्या चुंबकांचा फायदा मर्यादित आहे: दोन्ही तुकड्यांच्या तारा एकदम वाजवल्या तर त्यांचा ठोका स्पीकरला एकाच दिशेने ढकलतो. कान हा फरक क्वचितच पकडतो. मला एवढंच सांगायचंय की कुणाकडे चुंबकं एकाच दिशेने चिकटवून झाली असतील तर ती उखडायला जाऊ नका.

मलप्रभाकाठ
दोघांचंही पटलं. मी उलटीच लावतोय, कारण मग तपासणी फार सोपी होते. गुंडाळी कुठल्या दिशेने केली ते लक्षात ठेवायचीही गरज नाही. काट्याचा मीटर घ्यायचा, डीसी मिलिव्होल्टवर ठेवायचा. स्क्रूड्रायव्हर दांड्यांना टेकवून झटकन उचलायचा आणि काटा कुठे उडतो ते बघायचं. दोन्ही कॉइलला काटा एकाच दिशेने उडेल अशी मालिका जोडायची. चुंबकं उलटी असूनही काटा एकाच दिशेने उडतोय, याचा अर्थ कॉइल एकमेकींच्या विरुद्ध आहेत. घरघर वजा होणारच.

दोन्ही कॉइल गुंडाळून झाल्या. एक 5.8, दुसरी 5.9 किलोओहम. मोजमाप सकाळी थंडाव्यात केलं. तांब्याचा रेझिस्टन्स 10 अंशांना सुमारे 4 टक्के बदलतो. सोल्डर करून लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि माणूस विनाकारण काळजीत पडतो.

चोर्ला_घाट
मेण भरलंत का? आमच्याकडे गोव्यात आणि इकडे कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात दमट हवा एवढी असते की उघडी कॉइल वर्ष-दोन वर्षांत हिरवी पडते.

मलप्रभाकाठ
भरलं. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण. खानापूरच्या जंगलपट्ट्यातलं मध काढणाऱ्यांकडून मेण सहज मिळालं. मेणाचं भांडं थेट शेगडीवर ठेवायचं नाही, पाण्याच्या भांड्यात ठेवायचं. मेणाची वाफ पेट घेते, आणि घरात लहान मुलं असतील तर हे काम अंगणात करा. तापमान 65 अंशांच्या आसपास. त्याच्या फार वर गेलं की प्लास्टिकची बॉबिन वाकते. माझी बॉबिन हायलम शीट (उष्णता सोसणारी कडक पट्टी) कापून केलेली आहे, तिला काही होत नाही, तरी थर्मामीटर लावूनच केलं. कॉइल बुडवली की बारीक बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत बुडवून ठेवायची.

हिरवी पडण्याचं दुसरं कारण सोल्डरची पेस्ट. आम्लाची पेस्ट या तारेला आतून खाऊन टाकते. फक्त राळेचं फ्लक्स वापरा.

रिवाइंडिंग_निपाणी
अगदी बरोबर. बंद पडलेल्या बारीक कॉइली उघडल्या की बहुतेक वेळा जोडाजवळच तुटलेल्या सापडतात. बारीक तार थेट बाहेर आणू नका. जोड बॉबिनवरच द्या आणि बाहेर जाड लवचिक वायर काढा.

मलप्रभाकाठ
आता वायरिंग. पिकअपपासून व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलायची खुंटी), त्याला टोनचा पॉट, मग जॅक. पॉट 250 किलोओहमचे हवेत, लॉग प्रकारचे. इथल्या दुकानांत 220 चे मिळतात, तेच लावले. कानाला फरक कळत नाही. 470 चे लावले तर वरची धार वाढते. टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, अंगावर 473 लिहिलेला. व्होल्टेजच्या आकड्याकडे बघायची गरज नाही, पिकअपमधून येतात ते मिलिव्होल्ट. जॅक साधा मोनो, पी-38 पिन बसेल असा.

पिकअपच्या खोबणीत आणि कंट्रोलच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावली. पट्टीचा गोंद वीज वाहून नेईलच असं नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल वापरायची तर तिला सोल्डर धरत नाही, स्क्रू आणि वॉशरने वायर दाबावी लागते. हे आवरण का हवं, तर कॉइलची जोडी चुंबकीय घरघर मारते, पण मांडवातल्या एलईडी माळा आणि डिमरची चरचर वेगळ्या वाटेने येते. ती आवरणानेच अडते.

चोर्ला_घाट
ब्रिजला अर्थ दिलात ना? आणि मंडळी, इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ब्रिजला अर्थ दिला की सगळ्या तारा अँपच्या अर्थला जोडल्या जातात. मांडवात दोन वायरींवर बोर्ड टांगलेले असतात, अर्थ नसतोच, जनरेटर असला तर आणखी वाईट. अँपमध्ये गळती असेल तर तारांवर करंट येतो. एका हातात गिटार आणि ओठ माइकला लागले की तो शरीरातून जातो. यात माणसं दगावली आहेत. वाजवण्याआधी अर्थ असलेला तीन पिनचा बोर्ड मागा, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेला स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड सोबत ठेवा, आणि टेस्टर एकदा तारांना व माइकच्या जाळीला लावून बघा. मंडळाचे कार्यकर्ते घाई करतील. करू द्या.

मलप्रभाकाठ
आरसीसीबीचा बोर्ड या आठवड्यातच करून घेतो. माइकवर आमची ताई गाते, तिलाही सांगतो.

पिकअप बसवला. काल गावच्या देवळात भजनाच्या साउंडवर लावून बघितला. ट्यूबलाइटखाली उभं राहूनही घरघर नाही. ई तारेचा आवाज खोल आणि स्वच्छ आहे, आमचा ढोलकीवाला म्हणाला की आता तुझी सम ऐकू येते. एक अडचण उरली आहे. जी तार बाकीच्यांपेक्षा हळू वाजते.

कांडी_वडगाव
भावाचंही असंच झालं होतं. त्याने जी च्या बाजूचा तुकडा वर उचलला.

उद्यमबाग_लेथ
तोच उपाय. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि दांड्याचं डोकं ते तार हे अंतर मोजा. ई आणि ए च्या तुकड्याला 3 मिलिमीटर, डी आणि जी च्या तुकड्याला अडीच ठेवून सुरुवात करा. मग अर्ध्या अर्ध्या फेरीने स्क्रू फिरवत कानाने जुळवा. तुकड्याखाली स्पंज घाला, नाहीतर स्क्रू सैल करूनही तो वर येत नाही. दोनच्या खाली जाऊ नका, जोरात मारलं की तार दांड्यावर आपटते.

मलप्रभाकाठ
केलं. जी अडीचवर ठेवली आणि चारही तारा सारख्या झाल्या. बेंजोप्रेमी, माझ्याकडे 46 नंबरचं जवळजवळ अख्खं रीळ शिल्लक आहे. खानापूर स्टेशनजवळ कधी येणार ते निरोपातून कळवा, तुमच्या बेंजोपुरती गुंडाळून देतो.